उधाणाच्या खुणा

निनादने सतरा नंबरचा पाना खाडीत फेकला तेव्हा मी जेटीच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. खालच्या पाच पायऱ्या पाण्याखाली होत्या. पुनव होती, खाडीला उधाण होतं.

पाना त्याचाच होता. इस्माईलच्या बोटीचं इंजिन उघडून तो सकाळपासून बसला होता आणि एक बोल्ट निघत नव्हता. बाकी काही झालं नव्हतं.

"अरे, तेल सोड आणि जरा थांब. निघेल तो," मी म्हणालो.

"तुम्ही मला शिकवू नका, बाबा. जन्मभर सुकाणू धरलंत. इंजिन एकदा तरी उघडलंत?"

इस्माईल तिथेच जाळं शिवत होता. त्याच्यासमोर निनाद मला असं कधी बोलला नव्हता. पाना डुबुक करून बुडाला, तसा निनाद स्वतःच त्या पाण्याकडे बघत उभा राहिला, जणू कोणी दुसऱ्यानेच फेकला. मग हात पुसून घराकडे चालू लागला.

"जाऊ दे, तांडेल," इस्माईल म्हणाला. "पाना मी ओहोटीला काढतो. पोराला काढायचं तुझं तू बघ."

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वेळणे बंदरावर फेरीची लाँच चालते, तिच्या सुकाणूवर मी एकतीस वर्षं तांडेल होतो. मी निवृत्त झालो आणि त्यानंतर दोन महिन्यांत माझी बायको मंदा गेली. सकाळी चहा गाळताना छातीत कळ आली. तालुक्याला पोचेपर्यंत संपलं होतं.

निनाद आमचं एकुलतं मूल. जन्मला तेव्हा मुलगी म्हणून आम्ही बारसं केलं होतं. आपण मुलगा आहोत हे त्याने मंदाला सांगितलं विसाव्या वर्षी, मला एकविसाव्या. त्याआधीची चार वर्षं तो घरात मान खाली घालून बसायचा, कोणाशी बोलायचा नाही. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कागद झाले, आणि तेविसाव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. घरात आम्ही नुसतं 'सुई' म्हणायचो. मंदा आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, त्यामुळे सुई घरीच व्हायची. तेवढा वेळ मी पडवीत जाऊन बसायचो. माझा विरोध नव्हता, पण बघवत नव्हतं. निनादचा आवाज उतरला, ओठावर लव आली, तो आयटीआय पुरा करून बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला, हे मला दिसत होतं. तेवढं मला पुरे होतं.

मंदा गेल्यावर तो स्वतःच घ्यायला लागला. आईने शिकवून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी घरी आलो तर त्याच्या खोलीचं दार बंद होतं. माझी धाकटी बहीण शालन ओट्याशी भाकऱ्या थापत होती. मंदाच्या दिवसांना आली ती आमच्या जेवणाची काळजी वाटून राहिली होती.

"काय झालं गो?" मी विचारलं.

"मला विचारतोस, दादा? आला तो धाडकन दार लावून बसला. मी म्हटलं, निन्या, भाकरी खातोस? म्हणतो, आत्या, मला माणूस नकोय समोर. मी काय माणूस आहे होय? मी आत्या आहे." भाकरी उलटत तिने आवाज खाली आणला. "आज पुनव ना रे?"

"हो."

"गेल्या अवसेला ताट सरकवलंन. त्याच्या आधीच्या पुनवेला सायकलीला लाथ मारलीन. माझं ऐक, दादा. बाहेरचं काहीतरी आहे. मंदावहिनी अशी अचानक गेली, तिचा जीव ह्याच्यात अडकला असेल. गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेऊ. आणि ती सुई बंद कर आधी. त्या सुईनेच अंगात वाट करून दिलीन."

मी तिला गप्प केलं नाही. कारण पुनव-अवसेचं जे ती बोलली ते मला आधीच माहीत होतं.

भरतीची वही लिहायची सवय मला लाँचवरची. तारीख, तिथी, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे मुलांनाही येतं. पण पाणी किती चढेल ते वहीच सांगते. निवृत्तीनंतरही मी ती लिहीत होतो. दुसरं काही काम नव्हतं. मंदा गेल्यावर कधीतरी, ज्या दिवशी निनाद भडकेल किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडेल, त्या दिवसापुढे मी पेन्सिलीने 'नि' लिहायला लागलो होतो. का लिहीत होतो ते मला सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी मी सगळी पानं ओळीने बघितली. तीन महिन्यांत एकोणीस 'नि' होते. त्यातले सतरा तेरसपासून तिजेपर्यंतच्या दिवसांत, पुनवेच्या अवतीभवती नाहीतर अवसेच्या. म्हणजे नेमके उधाणाचे दिवस. अष्टमीला, पाणी मेल्यासारखं असतं तेव्हा, एकही नाही.

शालनला भूत दिसत होतं. मला चंद्र दिसत होता. चंद्र एवढी खाडी उचलतो, माणसाच्या अंगात तर पाणीच जास्त, मग का नाही उचलणार, असं माझ्या मनात आलं. पण मग एक प्रश्न उरला. निनाद चोवीस वर्षं ह्याच चंद्राखाली राहिला होता. आताच का?

दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला. डोळे सुजलेले होते. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, मी सुई बंद करतोय."

खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी चहाचा कप उचलला.

"का रे?"

"मी घाण माणूस झालोय. आईला मी असा दिसलो असतो तर? तिने एवढं केलं, आणि मी आत्याला बोलतो, तुम्हाला बोलतो. सगळे पुरुष असेच होतात का? मला असा पुरुष नव्हतं व्हायचं."

"आणि बंद केलीस तर?"

त्याने सुजलेले डोळे पुसले. मग म्हणाला, "तर परत तसंच. आधीसारखं. पण निदान कोणाला त्रास नाही होणार."

आधीची ती चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आली. जेवताना वर न बघणारं मूल. कप मी खाली ठेवला. सुटल्यासारखं वाटलं होतं त्याची मला लाज वाटली.

"एक सांग. सुई घेतलीस की लगेच डोकं फिरतं का?"

"नाही. उलट बरं असतं."

"मग उधाणाला का फिरतं?"

"कशाला?"

मी वही आणून त्याच्यासमोर ठेवली. आपल्या नावाची ती पेन्सिलीची अक्षरं बघून तो आधी रागावेल असं वाटलं होतं. पण तो वाकून बघायला लागला. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं.

"एवढेच दिवस? मला वाटायचं मी रोजच असा आहे."

"एकोणीस. मोज."

"तुम्ही माझं पाणी मोजत होतात?"

"सवय आहे."

तो किंचित हसला. मंदा गेल्यावर पहिल्यांदा. मी म्हणालो, "बंद करायची तर कर. पण ज्यांनी सुरू केली त्यांना सांगून कर. आणि माझा हा हिशेब कसा लागतो तेवढं मला त्यांना विचारायचंय."

पुण्याच्या डॉक्टर वैशंपायन मॅडमना निनादने फोन केला. त्या म्हणाल्या, पुढची सुई घ्यायच्या आदल्या दिवशी सकाळी इथे येऊन रक्त द्या, संध्याकाळी मला भेटा. तो शनिवार होता. आम्ही शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघालो. शालनने डब्यात घावणे दिले आणि निनादच्या खिशात, त्याला न सांगता, देवाचा अंगारा घातला. तो त्याला स्वारगेटला रुमाल काढताना सापडला.

"आत्याचा डोस," तो म्हणाला आणि कपाळाला लावून टाकला.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या होत्या. रक्ताचा कागद त्यांच्यासमोर होता. त्यांनी निनादला सगळं विचारलं. झोप, भूक, चिडचिड किती दिवस. मग त्याच आवाजात विचारलं, "जीव नकोसा होतो का?"

निनादने माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागलो.

"बसा, बाबा," तो म्हणाला. मग डॉक्टरांना म्हणाला, "दोनदा झाला."

माझे हात मांडीवर होते ते तिथेच राहिले. एकाच घरात, एका भिंतीपलीकडे हे चाललं होतं, आणि मी पेन्सिलीने 'नि' लिहून वही मिटत होतो.

"पुन्हा तसं वाटलं तर त्याच घटकेला कोणाला सांगशील? नाव सांग मला."

"बाबांना."

"चालेल ना?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"आणि ते जवळ नसले तर मला फोन. वेळ बघायची नाही. आता मला सुईच्या तारखा दाखव."

निनादने मोबाइल पुढे केला. त्या वाचत गेल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? मी दर दोन आठवड्यांनी सांगितलं होतं. इथे एकदा चौदा दिवस, मग सोळा, मग पंधरा, परत चौदा. वार तर ठरलेलाच नाही."

"आईने लावून दिलेलं आहे. मी तेच पाळतो."

"मला वाचून दाखवाल का तारखा?" मी म्हणालो आणि पिशवीतून वही काढली.

त्या वाचत गेल्या, मी वहीत बघत गेलो. पहिली तारीख, चौथ. दुसरी, चौथ. तिसरी, परत चौथ. मी वही त्यांच्याकडे फिरवली.

"सगळ्या चतुर्थ्या आहेत मॅडम. एक शुद्ध, एक वद्य."

"आई दोन्ही चतुर्थ्या धरायची," निनाद म्हणाला. "म्हणायची, उपास मी जन्मात विसरले नाही, त्याला सुई बांधून टाकू, म्हणजे तीही विसरायची नाही."

डॉक्टर मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि हसल्या. चेष्टेचं हसू नव्हतं ते. "वीस वर्षांत कोणी मला असं वेळापत्रक दाखवलं नव्हतं. तीन महिन्यांत एकदाही चुकलेलं नाही बघा, आई नसताना." मग त्यांनी रक्ताचा कागद आमच्याकडे सरकवला. "हे औषध तेलातलं असतं. सुई घेतली की एक-दोन दिवसांत अंगात वर चढतं, आणि मग उतरत जातं. दोन आठवडे थांबलं तर शेवटच्या पाच-सहा दिवसांत काही जणांचं अगदी तळाला जातं. निनादचं आज तळाला आहे. चिडणं, रडू येणं, सगळं काळं दिसणं, हे त्या दिवसांत होऊ शकतं. चौथीला सुई, म्हणजे त्याच्या आधीचे पाच-सहा दिवस कोणते?"

"तेरस, चौदस, पुनव..." मी बोलता बोलता थांबलो.

"म्हणजे बाहेर उधाण असायचं तेव्हा माझी ओहोटी होती," निनाद म्हणाला.

मला ते पटलं, आणि तरी पुरतं पटलं नाही. मी म्हणालो, "पण मॅडम, चंद्राचंही तितकंच जुळतं. चंद्र की सुई, हे कसं कळणार?"

निनादने डोळे मिटले. "बाबा, प्लीज."

"नाही, थांब, प्रश्न चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, कसं कळेल?"

मी विचार केला. "चंद्र काही हलवता यायचा नाही. सुई हलवून बघायची."

"तेच करणार आहोत. तेवढंच औषध, पण दोन भागांत. अर्धी सुई दर आठवड्याला, वार ठरलेला. चढउतार कमी होईल. उद्या रविवार आहे, उद्यापासून सुरू. आणि तुमची वही चालू ठेवा. तरी पुनवेला भडकला तर मी तुमच्या चंद्राला मानेन." मग त्या निनादकडे वळल्या. "बंद करायचं असेल तर तो तुझा निर्णय आहे. मी अडवणार नाही. पण तळाला असताना घेऊ नकोस. दोन-तीन महिने दे, मग सांग."

"देतो," निनाद म्हणाला.

रविवारी दुपारी आम्ही घरी पोचलो. अंघोळ करून तो खोलीत गेला आणि दारातून म्हणाला, "येता का? मला एकट्याला कंटाळा येतो."

मी पहिल्यांदा आत गेलो. त्याने ती छोटी बाटली माझ्या तळहातावर ठेवली. "मूठ मिटून धरा पाच मिनिटं. तेल घट्ट असतं, कोमट झालं की नीट चढतं."

मी मूठ मिटून बसलो. एवढीशी बाटली, कानातल्या औषधाएवढी. मी त्याला विचारत गेलो आणि तो सांगत गेला. दोन सुया का? एक औषध ओढायला जाड, एक टोचायला बारीक. मांडीवर जागा कशी ठरवायची? गुडघ्याच्या वर आणि कंबरेच्या खाली मधला भाग, बाहेरच्या बाजूला. गेल्या वेळी डावी, आता उजवी. दुखतं का? "सुई नाही दुखत. नंतर दोन दिवस पाय दुखतो." अकरा महिने मी पडवीत बसून काय काय समजत होतो, आणि आत हे एवढंच होतं. कापूस, स्पिरिट, आणि दहा सेकंद श्वास धरलेलं पोर.

"आई टोचताना काय म्हणायची माहितेय?" तो म्हणाला. "म्हणायची, बाहेर तुझे बाबा देव पाण्यात घालून बसलेत, लवकर आटपू."

आली ती अवस थोडी कुरकुरीची गेली. एकदा तो शालनला 'जरा गप्प बस गं' म्हणाला, पण पाच मिनिटांत माफी मागायला गेला. मी वहीत लिहिलं, 'नि, अर्धा.' मग पुनव आली. त्या दिवशी शालन सकाळपासून त्याच्या मागेमागे. तो विहिरीवर तर ती विहिरीवर, तो पडवीत तर ती पडवीत तांदूळ निवडायला.

"काय गं आत्या? चावतो का मी?"

"चावशील म्हणून नाही रे. चावलास तर कधी चावलास ते दादाला सांगायला नको?"

तो इतका हसला की त्याला खोकला आला. पाणी सहाव्या पायरीपर्यंत चढलं होतं. वहीत त्यापुढे लिहायला काही नव्हतं.

दुसरी पुनवही तशीच गेली. शालन तिच्या घरी परतली. जाताना मला म्हणाली, "सुई असेल, नाहीतर माझा अंगारा असेल. कशाने का होईना." सुई बंद करण्याचं निनादने परत काढलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, कोडं सुटलं. इतकं नीट सुटलेलं कोडं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मी त्याच आनंदात होतो.

मग एका सोमवारी दुपारी मी वरणाला फोडणी देत होतो आणि निनाद आत आला तो ओरडतच.

"तुम्ही आईचा नंबर बंद होऊ दिलात?"

"काय?"

"आईचा नंबर! बाई म्हणते, हा नंबर अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही म्हणते! एक रिचार्ज मारायचा होता, बाबा. घरात बसून असता दिवसभर. तेवढं सुचलं नाही तुम्हाला?" त्याने मोबाइल ओट्यावर आपटला. वाटी खाली पडून मोहरी सगळीकडे उडाली.

माझं डोकं सवयीने चालू झालं. आज तिथी कोणती? अष्टमी. पाणी मेलेलं. सुई कधी झाली? काल, रविवारी, माझ्यासमोर. औषध चढतीवर. म्हणजे चंद्र नाही, सुई नाही. मी उभा राहून तिसरं काही शोधत होतो आणि फोडणी जळत होती.

"बघताय काय?" तो म्हणाला. "लिहा वहीत!"

"आज काही नाहीये," मी म्हणालो. "अष्टमी आहे. सुई कालच झाली."

"मग मला काय होतंय?"

मी गॅस बंद केला. त्याला काय होतंय हे मला माहीत होतं. पाच महिने मी ते वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. त्याचंही नाही, माझंही नाही.

"तू फोन का लावलास तिला?" मी विचारलं.

तो भिंतीला टेकून खाली मोहरीत बसला. "स्विच ऑफ लागायचा ना. मला वाटायचं, नुसता बंद आहे. कधीतरी लावायचो मी. तुम्हाला हसू येईल."

मला हसू आलं नाही. मी गुडघे धरून त्याच्या शेजारी फरशीवर बसलो.

"शुक्रवारपासून लागत नाहीये," मी म्हणालो.

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी रोज लावतो."